पावसाआधी अर्धवट राहिलेले घर : ठेकेदाराशी वाद सोडवण्यापूर्वीची तयारी

कोकणात घरदुरुस्तीचा वाद बहुधा मे महिन्यात पेटतो. ठेकेदार उचल घेऊन दिसेनासा झालेला असतो, उतरवलेली कौले खळ्यात रचलेली असतात आणि मृग तोंडावर आलेला असतो. अशा वेळी घरमालक घाईने दुसरा मेस्त्री लावून छप्पर झाकून घेतो. ते स्वाभाविक आहे. परंतु पहिल्याने काय केले, काय सोडले आणि काय बिघडवले याचा पुरावा त्याच दिवशी नव्या कौलांखाली झाकला जातो. म्हणून दुसऱ्या कोणाचा हात लागण्याआधी घराची आहे ती स्थिती नोंदवून घेणे, हे तयारीतील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम समजावे.

ही नोंद करताना ओटी, माजघर, पडवी, न्हाणी असे एकेक दालन घेऊन आधी पूर्ण जागेचा आणि मग दोषाचा जवळून फोटो काढावा. वाशांमधील व रिपांमधील अंतर, भिंतीतील भेग किंवा आढ्याचा बाक दाखवताना मोजपट्टी फोटोत दिसेल अशी धरावी. कोवळ्या, रसाच्या लाकडाचे वासे वापरले असतील, तर कापलेल्या टोकाचा फोटो अवश्य घ्यावा, कारण वाळवी व भुंगा तेथूनच लागतो आणि एकदा रंग चढला की ते टोक ओळखू येत नाही. सिमेंटच्या कामात खाडीची खारी रेती वापरल्याचा संशय असल्यास उरलेल्या रेतीचा नमुना दोन साक्षीदारांसमोर पिशवीत भरून, तारीख व सह्या घालून बंद करावा. रेतीतील क्षारामुळे आतली सळई गंजते आणि गिलावा फुगून सुटू लागतो, पण हे दिसायला काही वर्षे जातात. मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये काढले त्यातच जपावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि तो मोबाइल हाताशी असला की ते काम सोपे होते.

फोटोंइतकेच मोल त्रयस्थाच्या शब्दाला असते. त्या ठेकेदाराशी संबंध नसलेल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी, आणि अहवालात झालेल्या कामाचे माप, प्रत्येक दोष व तो दूर करण्याचा अंदाजे खर्च स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. पाहणीचा दिवस ठेकेदाराला आधी लेखी कळवावा, म्हणजे आपल्या पाठीमागे सारे झाले असे त्याला म्हणता येणार नाही. पाऊस थांबणारच नसेल, तर पाहणीपर्यंत ताडपत्री घालून घर वाचवावे आणि तिचे बिल जपून ठेवावे.

जुन्या मालाचा हिशेब बहुतेक जण विसरतात. उतरवलेले सागाचे किंवा फणसाचे वासे, खांब, दारांच्या चौकटी आणि शाबूत कौले यांना चांगली किंमत येते, आणि ‘टाकाऊ होते’ म्हणून ती टेम्पोतून नेली जातात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यापासून तिकडची कौले कोकणात येत राहिली. जुन्या कौलांवर बनवणाऱ्याचे नाव उमटवलेले असते. उरलेल्या एका कौलाच्या त्या नावाचा फोटो आणि कामाआधीचे छपराचे जुने फोटो एकत्र ठेवले, तर काय गेले हे दाखवता येते.

पैशांचा तक्ता तारखेनुसार करावा. यूपीआय व बँकेच्या नोंदी सोप्या असतात. रोखीने दिलेल्या रकमेसाठी त्या दिवशी बँकेतून काढलेले पैसे, त्यानंतरचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि देताना हजर असलेली व्यक्ती लिहावी. काम एकाने घेतलेले, पैसे त्याच्या मुलाच्या खात्यावर आणि कारागीर पोटठेकेदाराचे, असा प्रकार सर्रास असतो; म्हणून काम ठरवणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता आधी पक्का करावा. याच तक्त्यात आपण मध्येच सांगितलेले वाढीव कामही प्रामाणिकपणे लिहावे. ठेकेदाराचे काही पैसे खरोखर निघत असतील, तर ते आपणच वजा करून दाखवल्याने उरलेल्या मागणीला वजन येते.

यानंतर पोच मिळेल अशा टपालाने लेखी नोटीस पाठवावी. तिच्यात दोष क्रमाने लिहून, काम पूर्ण करण्यास किंवा रक्कम परत करण्यास ठरावीक मुदत द्यावी. शिवीगाळ आणि धमकी कटाक्षाने टाळावी. गावात तंटामुक्त समिती कार्यरत असेल तर तिच्यापुढे बसण्यास हरकत नाही, मात्र तेथे ठरलेले तोंडी ठेवू नये.

ग्राहक आयोगाची वाट धरण्यापूर्वी काम उक्ते, म्हणजे पूर्ण कामाची रक्कम ठरवून दिलेले, होते की रोजंदारीवर, हे तपासावे, कारण वैयक्तिक सेवेचा करार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवे’त मोडत नाही, आणि आपणच देखरेख करून रोजावर लावलेल्या मजुराविरुद्धची तक्रार या मुद्द्यावर अडू शकते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्याला रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या ओरोसच्या फेऱ्या टाळता येतात. तरीही साक्षीदार आणि इंजिनिअर गावचे असतील तर घर असलेला जिल्हा निवडणे मला अधिक योग्य वाटते. कायद्यात तीन महिन्यांची, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांची अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागतो. तोवर सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपयोगी पडतो.

त्याच ठेकेदाराने उरलेले काम पुरे करावे अशी तडजोड झाल्यास प्रत्येक टप्प्याची तारीख लिहावी, माल स्वतः खरेदी करून बिले आपल्या नावावर घ्यावीत, आणि मजुरीचा शेवटचा हप्ता मृग व आर्द्रा उलटून छप्पर गळत नसल्याचे दोघांनी मिळून पाहिल्यावरच देय होईल, असे तडजोडीच्या कागदावर नमूद करून त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.