पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल तर दोष क्रमाने कसा शोधावा

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी. चारही असल्या तरी इंजिन चालेलच असं नाही, कारण प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्षणीच यावी लागते. तो क्षण ठरतो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, स्थितीवरून. हे लक्षात ठेवून तपासणी केली तर अंदाजाने एकेक भाग बदलत बसावं लागत नाही.

आधी जुळणी समजून घ्या. पिस्टन खाली जाताना इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पिस्टन वर येताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात आणि मिश्रण मूळ आकारमानाच्या साधारण दहाव्या भागात दाबलं जातं. पिस्टन माथ्यावर पोचायच्या थोडं आधीच प्लग ठिणगी टाकतो. मिश्रण पेटत जायला वेळ लागतो आणि सर्वाधिक दाब हवा असतो तो पिस्टन खाली वळल्यावर, म्हणून ही घाई. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि कनेक्टिंग रॉड ती ढकल क्रँकशाफ्टला देऊन त्याला फिरवतो. पिस्टन पुन्हा वर येतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून धूर बाहेर जातो.

एवढ्यात क्रँकशाफ्टचे 2 फेरे होतात आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा 1. हे प्रमाण टायमिंग बेल्ट किंवा चेन राखते. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा मिश्रण पेटतं, म्हणजे बेल्ट एक दात जरी सरकला तरी इंजिनाची चाल बिघडते.

पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांभाळतो. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाजवळ क्रँक सेन्सर असतो. चाकावर एके ठिकाणी दात मुद्दाम गाळलेले असतात आणि त्या खुणेवरून पिस्टन कुठे आहे ते कळतं. पण पिस्टन वर आलाय तो दाबायला की धूर काढायला, हे कॅम सेन्सर सांगतो. बहुतेक गाड्यांत क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम थांबतात. म्हणून दोन्ही एकत्र गायब असतील तर प्लग आणि पंप सोडा. आधी हा सेन्सर, त्याची वायर आणि मेन रिले (ईसीयूला वीज जोडणारा स्विच) पाहा. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होणारी गाडी याच सेन्सरकडे बोट दाखवत असते.

आता तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड.

पायरी 1: सेल्फ मारून कान द्या. नुसता टकटक आवाज आला तर बॅटरी मोजा. पूर्ण चार्ज असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जायला नको. आकडे ठीक असतील तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर साफ करा. याउलट सेल्फ नेहमीपेक्षा भरभर, एकसुरी फिरत असेल आणि दाबाचे झटके जाणवत नसतील, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथेच थांबा. अनेक इंजिनांत वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून तो वाकवतो आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने नुकसान वाढतं.

पायरी 2: पेट्रोल. चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले पाहा. आवाज असूनही दाब कमी असू शकतो. इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हा दाब साधारण 3 ते 4 बार असतो. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत तो शेकडो बारपर्यंत जातो, तिथली पाइप घरी सैल करू नका.

पायरी 3: प्लग काढा. सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाही. कोरडा म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडून काही येत नाही. काळी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चिकट तेल म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर ठीक. प्लगच्या टोकांमधला गॅप बहुधा 0.7 ते 1.1 मिमी असतो, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्या. ठिणगी टेस्टरने तपासा, प्लग हातात धरून नको. प्लगला वीज देणारी कॉइल हजारो व्होल्ट देते.

इंजिन चालतंय पण मिसिंग आहे (एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नाही), अशा वेळी बिनखर्चाचा उपाय करा: संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंगही तिकडे गेलं तर कॉइल खराब. तिथेच राहिलं तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर. सगळे प्लग ओले असतील तर ते वाळवून बसवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत त्या स्थितीत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि साचलेलं पेट्रोल उडून जातं.

पायरी 4: सिलिंडरमधला दाब. पेट्रोल आणि इग्निशनचा पुरवठा तोडा, सगळे प्लग काढा, प्लगच्या जागी दाब मोजणारा गेज लावा, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा ठोके सेल्फ मारा. निरोगी इंजिनांत साधारण 10 ते 13 बार मिळतात. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 15 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजलेत, कारण तेलाने फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरच्या हेडमधलं सील) फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

पायरी 5: हवा. तुंबलेला फिल्टर आणि काजळलेली थ्रॉटल बॉडी डोळ्यांनी दिसते. फुटलेला व्हॅक्यूम पाइप मात्र लपून राहतो. आयडलला इंजिन वरखाली होतं आणि रेस दिल्यावर सुधारतं, ही त्याची खूण: आयडलला एकूण हवाच कमी असते, त्यामुळे चोरून शिरलेली थोडी हवाही मिश्रण पातळ करते.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधला तेलाचा थर पंपाच्या पुरवठ्यावर टिकतो, आणि तो नसेल तर बेअरिंग घासून जायला फार वेळ लागत नाही.