तान्ह्या बाळाला किती वेळा पाजायचं? या चुका टाळा

बाळंतीण माहेरी आली की कोल्हापुरात घर माणसांनी भरतं आणि प्रत्येकाचं सांगणं वेगळं, मावशी म्हणते तीन तास झाल्याशिवाय घेऊ नको, शेजारची काकू म्हणते रडलं की पाज, आणि कोण तरी हळूच म्हणतं हिला दूधच पुरत नाही. सरळ सांगते, सुरुवातीचे काही आठवडे 24 तासांत साधारण 8 ते 12 वेळा अंगावर पाजायचं, रात्र धरून.

पण हा आकडा ऐकला की लोक भागाकार करून दर तीन तासांचा अलार्म लावतात, पहिली चूक तीच. बाळ सारख्या अंतरानं पीत नाही. दुपारी दोन-अडीच तास झोपेल आणि संध्याकाळी तासातासाला मागेल, कधी अर्ध्या तासात परत, ते नॉर्मल आहे. नेमकी त्याच वेळी घरातली सगळी मंडळी जमलेली असतात, "आत्ताच तर पाजलंस की, परत कसं मागतंय?" सुरू होतं आणि पावडरचा डबा येतो. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं, वरचं दिलं की ते अंगावर कमी ओढतं आणि मग खरंच दूध कमी व्हायला लागतं. आपल्याकडं गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायची सवय, त्यामुळं म्हशीचं दूध पाणी घालून द्या म्हणणारी आजीही भेटतेच, पण त्यातली प्रथिनं नि क्षार एवढ्याशा किडनीला जड जातात, आजीला प्रेमानं पण ठाम नाही म्हणा. मध, गुटी, पाणीसुद्धा नको, मधानं तर तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक पुरतो, पोटच तेवढं असतं, म्हणून "दूध उतरलंच नाही" म्हणून घाबरू नका.

रडायची वाट बघणं ही पण चूकच. रडणं म्हणजे भूक फार पुढं गेलेली असते, त्या चिडलेल्या बाळाला नीट धरताच येत नाही. त्याआधीच ते तोंड इकडंतिकडं वळवतं, मूठ चोखतं, ओठ चाटतं, तेव्हाच घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती "किती गुणी बाळ, उठतच नाही" म्हणून कौतुक होतं त्या बाळाची. पहिल्या आठवड्यात कावीळ असलेलं किंवा वजनानं कमी असलेलं बाळ सुस्त पडतं, सुस्त म्हणून पीत नाही आणि पीत नाही म्हणून आणखी सुस्त होतं. जन्माच्या वेळचं वजन परत भरेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, दोनदा पाजण्यातलं अंतर दिवसा तीन आणि रात्री चार तासांच्या वर जाऊ देऊ नका. दुपटं सोडा, तळपाय चोळा, लंगोट बदला, उठतं. पाचवीला आणि बारशाला तर हमखास राहून जातं, बाळ या हातातनं त्या हातात फिरतं, थकून झोपतं आणि पाजायचं लक्षात कुणाच्याच नसतं, त्या दिवशी एका माणसाला हेच काम लावून द्या.

दूध पुरतंय का हे रडण्यावरनं नाही, शू-शीवरनं बघायचं. पाचव्या दिवसापासनं 24 तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले, काळी शी जाऊन पिवळी झालेली. डायपरमध्ये शू नीट कळत नाही म्हणून पहिले काही दिवस सुती लंगोटच बरे. दिवसभर छातीशी लागून पण लंगोट कोरडे असतील तर बहुतेक पकड चुकतेय. नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि गिळल्याचा आवाज. टोकाला चिरा पडून कळ येत असेल तर सहन करत बसू नका, आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्यासमोर पाजून दाखवा, किंवा सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर जिथं डिलिव्हरी झाली तिथल्या सिस्टरना दाखवा.

आणि बाळ उठवूनही उठत नसेल, ओढतच नसेल, पिवळेपणा पायापर्यंत आला असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी लगेच निघा, गाडी नसेल तर 108 ला फोन करा.