गुण औषधाचा की पावसाचा? वावरातच प्रयोग कसा करावा

सोयाबीन फुलोऱ्यावर येण्याच्या बेतात असताना कृषी सेवा केंद्रातून आणलेले एखादे टॉनिक फवारले जाते, त्याच आठवड्यात दडी मारलेला पाऊस पुन्हा लागतो, आणि तरारलेले वावर पाहून कास्तकार समाधानाने म्हणतो की औषधाला गुण आला. आला असेलही, पण तो औषधाचा की पावसाचा, हे त्या वावराकडे कितीही वेळ पाहून ठरत नाही, कारण तुलनेसाठी बिनफवारणीचे एकही तास (पिकाची ओळ) मागे ठेवलेले नसते. ते ठरवायला वही, दोरी, खुंट्या आणि वजनकाटा एवढे साहित्य पुरते.

सुरुवात निरीक्षणाने करावी. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतच झालेले होते. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या इतरांहून निराळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या मळणीत मिसळू दिल्या नाहीत. दाणे जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले, वर्षानुवर्षे पारखले, आणि त्यातूनच ‘एचएमटी’ हे वाण उभे राहिले. (नाव त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडले.) तशी लोंबी त्याआधी आणखी कुणाच्या नजरेस पडलीच नसेल असे मला वाटत नाही, ती वेगळी ठेवण्याची तसदी मात्र त्यांनी घेतली.

जे दिसले ते त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहावे, आणि दिसलेले व तर्काने ठरवलेले यांचे रकाने वेगळे ठेवावेत. ‘शेंड्याची पाने पिवळी पडली’ हे दिसलेले आहे; ‘लोह कमी पडले’ हा तर्क आहे, कारण पाणी साचूनही पाने पिवळी पडतात आणि मोझॅक रोगानेही. पावसासाठी सपाट बुडाचा, उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजावे. डब्यात १० मिलिमीटर पाणी साचले म्हणजे दर चौरस मीटरवर १० लिटर पाणी पडले.

मग प्रश्न नेमका करावा. ‘हे टॉनिक चांगले आहे का?’ याचे उत्तर वावर देऊ शकत नाही. ‘फुलोऱ्यापूर्वी एकदा फवारल्याने वाळलेल्या दाण्याचे वजन वाढते का?’ याचे देऊ शकते.

आता आखणी, आणि इथे घाई करू नये. तासांत ४५ सेंटीमीटर अंतर असेल तर १० तासांची, १० मीटर लांबीची एक पट्टी खुंट्या ठोकून आखावी आणि तिला लागून तेवढीच दुसरी. एकीवर टॉनिक फवारावे, दुसरीवर तेवढेच साधे पाणी, म्हणजे नुसत्या ओलाव्याचा फरक उरणार नाही. टॉनिक कोणत्या पट्टीला द्यायचे हे नाणे उडवून ठरवावे. आपण निवडू लागलो की हात नकळत चांगल्या पट्टीकडे वळतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतप्रयोगांसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी ही वाटणी रूढ केली, ती याच कारणासाठी. अशा चार जोड्या वावरात चार ठिकाणी घ्याव्यात, कारण धुऱ्याजवळची, निंबाच्या सावलीतली आणि उताराला पाणी साचणारी जमीन सारखी नसते. डवरणी (डवऱ्याने तासांमधली माती हलवणे), खत, निंदण सर्वांचे सारखेच ठेवावे.

सर्वांत जड जाते ते पट्टी कोरी सोडणे. घरचेच म्हणतात, एवढ्याशासाठी नुकसान कशाला? रोथॅमस्टेडला १८४३ पासून गव्हाची एक पट्टी कोणतेही खत न देता ठेवली आहे आणि बाकीच्या पट्ट्यांची तुलना आजही तिच्याशी होते.

कापणीच्या वेळी दोन्ही कडांची दोन-दोन तासे सोडून मधल्या सहा तासांचेच सोयाबीन घ्यावे, कारण कडेला शेजारची फवारणी उडालेली असते. पोत्यांवर केवळ क्रमांक घालावेत आणि कोणता क्रमांक कशाचा हे वजन करणाऱ्याला सांगू नये. दाणे सारखेच वाळवावेत; ओल दाण्याचे वजन वाढवते. सहा तासांचे क्षेत्र २७ चौरस मीटर भरते आणि एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटरचा असतो, म्हणून वजनाला १५० ने गुणावे. पट्टीत एक किलोचा फरक म्हणजे एकरी दीड क्विंटलचा, तेव्हा काटा आधी तपासून घ्यावा.

दोन जोड्यांत टॉनिक सरस आणि दोनांत पाणी सरस ठरले, तर फवारणीचा फायदा दिसला नाही असे लिहावे. चारही जोड्यांत टॉनिक सरस ठरले तरी थांबावे: चारदा नाणे उडवून चारही वेळा छाप पडण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. म्हणून पुढच्या हंगामात, नवी जागा घेऊन आणि नाणे पुन्हा उडवून, हेच सारे पुन्हा करावे. वाढलेल्या दाण्याची किंमत औषध व मजुरीच्या खर्चाशी ताडायची ती त्यानंतर. आणि खुंट्या खोल ठोकाव्यात. आमच्या पहिल्या वर्षीच्या दोन जोड्यांच्या खुणा डवऱ्याखाली गेल्या आणि उरलेल्या दोनांवरून काहीच सांगता आले नाही.