जेफ बेकच्या आठवणीत, मालवणच्या हवेत

१० जानेवारी २०२३ ला गेलेल्या गिटारवादक जेफ बेकसाठी मालवणात वाजवायचं, तर प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) घरीच ठेवा. नंतरच्या काळात तो अंगठ्याने आणि बोटांनीच वाजवायचा. करंगळी व्हॉल्यूम नॉबवर ठेवा. नॉब शून्यावर असताना तार छेडून हळूच फिरवला की सूर गळ्यातून आल्यासारखा फुगतो. घाई केलीत तर नुसता टणत्कार.

ट्रेमोलो आर्मसाठी (सूर खाली-वर करणारा दांडा) स्ट्रॅटचा, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा, ब्रिज (तारा जिथे बॉडीवर बसतात तो भाग) मागून साधारण ३ मिमी उचललेला हवा. आर्म दाबून सोडल्यावर सूर चढाच राहिला, तर तार नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकतेय: खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. खाऱ्या वाऱ्यात तारा लवकर गंजतात, म्हणून नव्या तारा आदल्या दिवशीच चढवून ताणा, वाजवून झालं की पुसा. एक तुटली की उचललेला ब्रिज मागे ओढला जातो आणि बाकीच्या पाचांचाही सूर चढतो. दुसरी गिटार हाताशी हवीच.