तोडलेल्या टोमॅटोवर जिवाणूंचा पहारा

क्रेटमधला एक टोमॅटो पिचतो, त्यावर पांढरी लव येते, लवेवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात, आणि दोन-तीन दिवसांत शेजारचे टोमॅटोही पाणी सोडू लागतात. ही रायझोपस बुरशी. ती बहुधा जखमेतूनच आत शिरते: नखाचा ओरखडा, क्रेटच्या कडेचा घाव, देठ निघाल्यावर उरलेला व्रण.

बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू नेमका त्या जखमेत ठाण मांडतो. तिथली साखर खातो आणि इट्युरिन, फेंजायसिन अशी द्रव्यं सोडतो, ज्यांनी बुरशीच्या पेशीचं आवरण फाटतं. आत शिरलेली बुरशी मात्र तो बाहेर काढत नाही. म्हणून तोडणी झाली त्याच दिवशी पुढची सगळी कामं उरकायची.

कृषी सेवा केंद्रात जिवाणूंच्या भुकटीचा पुडा घेताना तीन गोष्टी वाचा: जिवाणूचं नाव, दर ग्रॅमला किती जिवाणू, आणि तयार केल्याची तारीख. बॅसिलस बीजाणू (टणक कवचातली सुप्त पेशी) करून तग धरतो, स्यूडोमोनास हा दुसरा उपयोगी जिवाणू तसं करत नाही, म्हणून स्यूडोमोनासचा पुडा ताजाच हवा. काढणीनंतर फळावर वापरायची परवानगी लेबलवर नसेल, तर फळं त्याच्या द्रावणात बुडवू नका. त्याऐवजी लेबलप्रमाणे काढणीआधी फवारणी करा. अमेरिकेत स्यूडोमोनास सिरिंजीचं ‘बायोसेव्ह’ १९९५ पासून खास काढणीनंतरच्या वापरासाठी नोंदलेलं आहे, आणि साठवणीच्या बटाट्यावरही ते चालतं.

दव सुकल्यावर तोडा करा. तोडणाऱ्यांची नखं कापलेली असू द्या, क्रेट शिगोशीग भरू नका. फुटका, डागाळलेला माल इथेच बाजूला काढा. एक सडका टोमॅटो धुण्याच्या टाकीत गेला की त्यावरच्या बुरशीचे बीजाणू सगळ्या फळांना लागतात.

धुण्याच्या पाण्याकडे फार कमी जण लक्ष देतात. उन्हातून आलेलं तापलेलं फळ गार पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या व्रणातून पाणी आत ओढलं जातं, त्याबरोबर जंतूही. त्यामुळे फळं आधी सावलीत निवू द्या. धुण्याचं पाणी फळाच्या गरापेक्षा साधारण ५ अंशांनी कोमट ठेवा. क्लोरीन वापरलं असेल तर नंतर साध्या पाण्यातून काढा, नाहीतर ते आपल्या जिवाणूंनाही मारेल.

आता द्रावण. हातमोजे आणि मास्क घाला. भुकटी थोड्या पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा, मग क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळा. प्रमाण लेबलवरचंच घ्या, पण हिशोब करून पाहा: ग्रॅमला १० कोटी जिवाणूंची भुकटी लिटरला १० ग्रॅम घातली तर मिलिलिटरमागे १० लाख जिवाणू येतात. प्रयोगांत बहुतेकदा १ कोटी ते १० कोटी वापरतात. म्हणून जास्त संख्येचं उत्पादन निवडलेलं बरं. फळं एक-दोन मिनिटं बुडवा, देठाचा व्रण नीट भिजला पाहिजे. द्रावण त्याच दिवशी संपवा. त्यात तांबेयुक्त बुरशीनाशक नको आणि गूळही नको, कारण उरलेली साखर बुरशीलाही पोसते.

मग सावलीत, पंख्याखाली, एका थरात कोरडी करा. ओलं फळ क्रेटमध्ये भरलं तर केलेली मेहनत पाण्यात गेली, कारण बुरशीच्या बीजाणूला रुजायला ओलावाच लागतो.

हिरवा माल १२–१३ अंशांखाली ठेवू नका. गारठ्याने साल दुखावते आणि अल्टरनेरिया या बुरशीचे काळे डाग पडतात, तिथे जिवाणूंचंही फारसं चालत नाही. घरी फ्रिज वापरायचाच तर पूर्ण पिकलेल्या फळांसाठी. खाण्यापूर्वी फळ धुवायचंच.

पहिल्या वेळी सगळा माल बुडवू नका. त्याच तोड्यातला एक क्रेट नुसत्या पाण्यातून काढून सुकवा, त्याला सुतळी बांधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. सातव्या दिवशी दोन्हींतले सडके टोमॅटो मोजा आणि आकडा वहीत लिहा.