कंदील बांधता बांधता मैफल: कोजागरीची संध्याकाळ अशी आखा

हाताला काम आणि कानाला गाणं ही जोडी आपल्याकडे जुनीच. जात्यावर ओवी, कापणीला भलरी. पण सोसायटीच्या हॉलमध्ये असा कार्यक्रम करायला निघालं की हमखास घोळ होतो. गायकाला वाटतं कुणी ऐकत नाही, आणि काम करणाऱ्याला वाटतं की माप चुकलं ते याच्या तानेमुळे. दोघांचंही खरं असतं. म्हणून आखणी गाण्यांच्या यादीपासून सुरू करू नका, कामाच्या टप्प्यांपासून करा. डोकं लागतं तिथे शब्द नसलेलं संगीत, हात आपसूक चालतात तिथे सगळ्यांना येणारी गाणी, आणि कागद चिकटवायची खळ वाळत असते तेव्हा खरी मैफल.

खालची आखणी २४ माणसं, चौघांचा एक गट आणि सहा आकाशकंदील अशी धरली आहे.

काम आणि दिवस

गोधडीचे टाके किंवा क्रोशाही गाण्यासोबत छान चालतात. शिवणयंत्र आणि ठोकाठोकी बाद. मातीकामात हात असे भरतात की टाळीसुद्धा देता येत नाही. कंदील मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यात सक्तीची थांबायची वेळ आहे. ओल्या कागदाला कुणी हात लावू शकत नाही, मग माणसं आपोआप ऐकतात.

दिवस कोजागरीचा घ्या. दिवाळीची अमावास्या तिथून पंधरा दिवसांवर असते, लोक तसेही जमणार असतात आणि दूध आटवायचंच असतं. फक्त कंदिलाचं काम गच्चीवर करू नका. त्या दिवसांत रात्री दव पडतं, पतंगी कागद मऊ पडतो आणि खळ सकाळपर्यंत चिकट राहते. काम आणि गाणं हॉलमध्ये, दूध गच्चीवर.

आधीची तयारी

बांबूच्या पाव इंच रुंदीच्या कामट्या बुरुडाकडून सोलून घ्या. पुण्यात त्यासाठी बुरूड आळी आहेच. इतर गावांत टोपल्या-सुपं विणणारे कुठे बसतात ते विचारा. पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात, कारण तो सहा चौकोनांचा बनतो. प्रत्येक कामटी १० इंचांची ठेवली तर कंदील साधारण १३-१४ इंच उंच होतो, बाल्कनीला पुरेसा. सहा कंदिलांना १४४ कामट्या झाल्या. चिरतात, म्हणून १६० कापून ठेवा. शिवाय प्रत्येक कंदिलाला १५ इंचांची एक जादा कामटी, ती कशाला ते पुढे येईल. सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासा. बांबूची कूस बोटात गेली की त्या माणसाची संध्याकाळ तिथेच संपते.

खळ आदल्या रात्री शिजवा. एक वाटी मैदा चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण पारदर्शक दिसू लागलं की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. तो विषारी असतो आणि या कार्यक्रमात मुलं असणार, तेव्हा नकोच. फ्रिजमध्ये खळ दोन दिवस सहज टिकते.

कागदासाठी पुठ्ठ्याचे दोन साचे करा: ११ इंचांचा चौकोन आणि १२ इंच बाजूचा त्रिकोण. सगळ्या बाजूंनी दुमडायला अर्धा इंच मिळावा म्हणून ही मापं मोठी आहेत. एका कंदिलाला चार चौकोन आणि आठ त्रिकोण लागतात.

गाणारे-वाजवणारे

पंचवीसेक माणसांच्या हॉलला माईक लागत नाही. पेटी, तबला, एक गाणारा आणि जमल्यास बासरी एवढं पुष्कळ. गाणारे दोघं असतील, एक बाई आणि एक पुरुष, तर दोघांचे सूर आधी विचारा. पट्टी वेगळी असली की तबला पुन्हा मिळवावा लागतो आणि तेवढ्यात सगळा रंग उतरतो. दोन पट्ट्यांत लावलेले दोन तबले असले की हा प्रश्नच मिटतो.

व्यासपीठ नको. वादकांना लांब भिंतीपाशी, बाकीच्यांच्याच पातळीवर सतरंजीवर बसवा, म्हणजे गटांतली गोलात बसलेली माणसं मान वळवून का होईना बघू शकतात. गुडघेदुखीवाल्यांसाठी टेबल-खुर्च्यांचा एक गट ठेवा. दिवे मैफलीसारखे मंद करू नका, दोरा दिसायला पांढरा उजेड लागतो.

बाहेरचे कलाकार बोलावलेत तर मानधन द्या. ‘घरचाच कार्यक्रम आहे’ हे वाक्य कलाकारांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला. तिकीट लावलंत किंवा व्यावसायिक कलाकार आणलेत तर त्या सवलतीवर विसंबू नका, परवान्याची चौकशी करा. संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत. एखाद्या आधुनिक संगीतकाराने बांधलेली चाल मात्र त्याची असू शकते.

संध्याकाळ, टप्प्याटप्प्याने

वेळ साडेसहाची सांगा. माणसं पावणेसातला येतील. तेवढ्या वेळात तबला मिळवून होतो, आणि आलेल्यांना कामट्या मोजून गटवार वाटायचं काम द्यायचं.

पहिला अर्धा तास चौकोन बांधायचे. गटातल्या प्रत्येकाने एक, आणि ज्यांचा हात चालतो त्यांनी आणखी एक-एक, असे सहा. कोपऱ्यावर कामटीवर कामटी ठेवून दोरा आडवा-उभा गुंडाळा आणि घट्ट गाठ मारा. चौकोन तिरका झालाय का हे डोळ्यांनी कळत नाही, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले की चौकोन सरळ. हे मोजण्याचं काम आहे, म्हणून इथे फक्त बासरी किंवा पेटीवरची धून वाजू दे. ओळखीचे शब्द कानावर पडले की माणूस मनात गाऊ लागतो आणि आकडा विसरतो.

मग जोडणी. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करायचे, पतंगासारखे, आणि बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून त्यांचं कडं करायचं. कड्याच्या वर चार टोकं येतात, त्यांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे. खालच्या चार टोकांना सहावा चौकोन. एकूण बारा जोड. दोघांनी धरायचं, एकाने बांधायचं, चौथ्याने दोरा कापायचा. हात गुंतलेले, पण डोकं मोकळं. आता सगळ्यांना ध्रुवपद येतं अशी गाणी काढा: भजनं, गवळणी, केरवा तालातली सोपी भावगीतं. गायकाने ओळ सोडायची आणि ती गटांनी उचलायची. एखाद्या गटातला सांगाडा नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेला, कोसळतो, तेव्हा हसून घ्या.

सांगाडा डुलतो, वळतो, दबतो. घाबरू नका, त्याची रचनाच तशी आहे. इथे ती १५ इंची कामटी कामाला येते. वरच्या चौकोनात ती कर्णावर आडवी बांधा. सांगाडा थोडा आवरतो आणि पुढे बल्बचा होल्डर टांगायला जागा होते. उरलेला ताठपणा कागद देतो, म्हणून आधी बाजूचे चौकोन चिकटवा आणि त्रिकोण नंतर घ्या. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा.

कागद लावायच्या आधी पंखे बंद करा! खळ कागदाला फासू नका, कामटीला लावा. कागद त्यावर बेताने ताणून ठेवा, कोपरे कापा आणि कड आत दुमडा. ऑक्टोबरात बंद पंख्याखाली पाऊण तास बसणं कठीण असतं, म्हणून या टप्प्यात पाणी फिरवा आणि संगीत हलकंच ठेवा. गायकाने इथे थोडी विश्रांती घ्यावी. पुढचा डाव त्याचा आहे.

बारावा कागद लागला की सहाही कंदील भिंतीकडे मांडा, हात धुवा आणि पंखे सुरू करा. वाळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. या वेळात कुणी कात्रीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मी कडकपणे पाळायला लावते. नाट्यगीत, ठुमरी, विलंबित अभंग, जे लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे ते सगळं इथे. नव्या आयोजकांना ही वेळ रिकामी वाटते आणि ते तिच्यात सत्कार घुसवतात. करू नका.

शेवटी झिरमिळ्या आणि शेपट्या. कात्र्यांची करकर आणि कागदाची सळसळ एवढी होते की नाजूक गाणं तिच्यात हरवतं. द्रुत लय, टाळ्या, मुलांची फर्माईश, काहीही चालेल. बल्ब तीन ते पाच वॅटचा एलईडीच घ्या. जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नको.

सव्वानऊपर्यंत गच्चीवर दूध घेऊन पोचायला हवं. तिथे पुन्हा गाणी होतीलच, ती नुसत्या गळ्याने होऊ द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर दहाच्याही आधी आवरा.

आणि एक गोष्ट पहिल्याच मिनिटाला ठरवून टाका: चौघांनी केलेला एक कंदील घरी कोण नेणार? चिठ्ठ्या टाका, किंवा सहाही इमारतीच्या जिन्यात लावा. हे ठरवायचं राहिलं तर दुधाचे पेले हातात असताना भांडणं होतात, आणि त्यात मोठी माणसं मुलांच्या पुढे असतात.