कातळाचे फोटो आणि परतीची वाट

सोलापूरकराला काळा दगड नवा नाही. किल्ल्याचा तट, विहिरीचं कडं, बांधावरचे धोंडे, सगळीकडे तोच. रायगडच्या समुद्रकाठच्या हरिहरेश्वरचा कातळही त्याच जातीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. दगड ओळखीचा आहे, पण पाणी ओळखीचं नाही. उजनी धरणाचं पाणी उतरायला महिने लागतात. समुद्राचं सहा तासांत उतरतं आणि पुढच्या सहा तासांत पुन्हा चढतं. कॅमेरा आणि ट्रायपॉड हाताळता येतो असं धरून आधी या पाण्याचंच सांगतो. फोटोतली चूक घरी आल्यावर दिसते. ही चूक तिथंच, गुडघाभर पाण्यात कळते.

भरतीची वेळ पंचांगावरून निघते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दशमीला साडेसातला भरती, दीडला ओहोटी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा हिशोब अर्धा-पाऊण तास मागंपुढं बरोबर येतो, आणि सोलापुरातून निघायचा दिवस ठरवायला तेवढा पुरतो. पक्की वेळ मात्र जवळच्या बंदराच्या कोष्टकातूनच घ्या. मुंबईचं कोष्टक मालवणला लावू नका.

आता खरा सापळा. त्रयोदशीला ओहोटी पावणेचारच्या आसपास येते. तुम्ही चारला पोहोचता. समुद्र लांब गेलेला, कातळ उघडा पडलेला. ऊन अजून कडक आहे म्हणून तुम्ही अगदी टोकाच्या खडकावर ट्रायपॉड लावता आणि सव्वासहाच्या सूर्यास्ताची वाट बघत बसता. कोष्टकात ‘ओहोटी ३.४५’ लिहिलेलं असतं, म्हणून पावणेचारनंतर पाणी ओसरत राहील असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पावणेचारला ओसरणं संपतं. त्या मिनिटापासून पाणी चढायला लागतं.

बरं, ते एकसारखंही चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन, मग एक. समजा भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटिमीटर चढतं, म्हणून काही होत नाहीये असं वाटतं. तिसऱ्या तासात तेच ७५ सेंटिमीटर चढतं. सव्वासहा म्हणजे नेमका तिसऱ्या तासाचा मध्य. आकाशाला रंग चढतो तेव्हाच पाण्याचा वेग वाढतो, आणि तुमचा डोळा तर कॅमेऱ्याला लागलेला असतो.

यातही सगळ्यात वाईट म्हणजे पाणी समोरून येत नाही. तुम्ही उभे असता तो खडक उंच असतो. तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधले चर सखल असतात. ते आधी भरतात. पुढं खडक कोरडा आणि मागं परतीची वाट पाण्याखाली, असं होतं. हे लिहिताना आजही तळपायाला ओल जाणवते.

तेव्हा नियम एकच धरा: ओहोटीच्या दोन तास आधी कातळावर उतरायचं आणि ओहोटीच्या मिनिटाला, फोटो मिळो न मिळो, परत फिरायचं. मोबाइलवर गजर लावा. सूर्यास्त हवा असेल तर प्रतिपदा-द्वितीया बघा. तेव्हा ओहोटी पावणेसात ते साडेसातला येते, म्हणजे सूर्य बुडताना पाणी अजून ओसरतच असतं. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे कातळ सगळ्यात जास्त उघडतो. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, तो तसा उघडत नाही. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वरूनच लाटा बघा. दर काही मिनिटांनी दोन-तीन मोठ्या लाटा सलग येतात, त्या कुठवर पोहोचतात ते लक्षात ठेवा. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, कालवांच्या कवचांवर हात टेकू नका. पावसाळ्यात जाऊच नका.

एवढं वाचून बेत रद्द करू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीला रोज म्हातारी माणसंसुद्धा चालून येतात. वेळ पाळली की कातळ फार प्रेमानं वागवतो.

दगडात काय बघायचं? भेगा, रांजणखळगे (पाण्यानं दगडात कोरलेले गोल खड्डे) आणि मधाच्या पोळ्यासारखी जाळी. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटतो, त्यातून ही जाळी होते. ती तिरप्या उन्हातच उठून दिसते. दुपारी सपाट होते. खळग्यांचा सराव निघोजला कुकडी नदीच्या पात्रात करून घ्या, तिथं भरती नाही.

ओला काळा कातळ कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो. मीटर त्याला राखाडी करायला बघतं आणि आकाश पांढरं पडतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, अर्धाच फिरवा. पूर्ण फिरवला की दगडाची सगळी चमक जाते आणि तो मेल्यासारखा दिसतो. अ‍ॅपर्चर एफ ११, आयएसओ १००. क्रॉप बॉडीवर किट लेन्स १८ मिलिमीटरला असेल तर फोकस दीड मीटरवर ठेवा. पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर पाव ते एक सेकंद, आणि बटण लाट परत फिरताना दाबायचं. तेव्हाच पाण्याच्या रेघा दगडाचा आकार काढतात. दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड अडवणारा, फिल्टर आधी घेऊ नका. १/६० सेकंदाचा फोटो त्यानं १७ सेकंदांवर जातो आणि लाटेचा धूर होतो, मग खडक कुठलाही असला तरी फोटो तोच. सहा स्टॉपचा घ्या, त्यानं १/६० चं सुमारे एक सेकंद होतं.

समुद्राचे तुषार लेन्सवर वाळले की कोरड्या कापडानं पुसायचे नाहीत, मिठानं ओरखडे पडतात. गोड्या पाण्यानं किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर आधी, कोरडं नंतर. असे चार तुकडे लागतात. आपला सोलापुरी टॉवेल सोबत घ्याच, पण कॅमेऱ्याच्या बॉडीला आणि ट्रायपॉडच्या पायांना. लेन्सला त्याचे धागे चिकटतात. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका.

शिकवणाऱ्यांबद्दल स्पष्ट बोलतो. वीस जणांचे ट्रायपॉड एका ओळीत लावून घेणाऱ्या वर्कशॉपवर पैसे घालण्यापेक्षा गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे एक सीझन मदतनीस म्हणून काढा. काळा कोट आणि पांढरी साडी एका फ्रेममध्ये सांभाळणाऱ्याला ओला कातळ आणि फेस सांभाळता येतो. किनाऱ्यावरचा गुरू म्हणजे तिथला मासेमार. तो ‘आता वर या’ म्हणाला की वाद घालायचा नाही. आणि सॉफ्टवेअरमधून दुसरं आकाश चिकटवणं मला चालत नाही: कातळावरच्या ओलीत खऱ्या आकाशाचा रंग उतरलेला असतो, ती चोरी लगेच दिसते.

हरिहरेश्वरऐवजी रत्नागिरीच्या किनाऱ्याला जायचं असेल तर सोलापूर ते रत्नागिरी, मिरज-कोल्हापूर-आंबा घाटातून, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याच दिवशी पोहोचून कातळावर उतरू नका. थकलेला माणूस घड्याळ बघत नाही. आदल्या दिवशी जा, आणि एकदा भरतीच्या वेळी कॅमेरा न घेता तीच जागा वरून बघून या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून न्या, संध्याकाळच्या वेळेला जेवणासाठी वर यावं लागत नाही.

मुक्कामी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून बादलीभर गोड्या पाण्यात धुवा, उघडेच वाळवा. प्रिंट काढताना २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला २० बाय १३ इंचांपर्यंत जाते. त्याआधी स्क्रीनचा उजेड कमी करून सावल्या पुन्हा तपासा, कारण चकचकीत स्क्रीनवर दिसणारी कातळाची जाळी मॅट कागदावर सरळ काळी होते. आधी ८ बाय १२ चा एक नमुना काढून दिवसाउजेडी खिडकीशी धरून बघा.